घर आवरताना



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी आणावी, तिला हळदकुंकू वाहावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. केर काढण्याच्या साधनाला लक्ष्मी मानणाऱ्या समाजाला घर कसे ठेवावे हे कुणी शिकवण्याची गरज पडू नये. तरीही आज हा विषय व्याख्यानाला घ्यावा लागतो. घर नीटनेटके करायचे म्हटले की आता आधी सुताराचा अंदाज मागवला जातो, मग कर्जाचा हप्ता मोजला जातो आणि शेवटी आकडा पाहून सारा बेत पुढच्या वर्षावर ढकलला जातो. खर्च परवडत नाही म्हणून पसारा राहतो, अशी समजूत त्यातून रूढ झाली आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

मुंबईच्या बी.डी.डी. चाळी आठवाव्यात. 1920च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-दहा माणसे राहिली, मुले शिकली, लग्ने झाली, गावाहून आलेला पाहुणाही सामावला गेला. हे कसे शक्य झाले? रात्रीची वळकटी सकाळी गुंडाळून ट्रंकेवर जाई. भांडी मांडणीवर, डबे फळीवर, वर्षाचे सामान पोटमाळ्यावर. एकच जागा सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अभ्यासिका आणि रात्री शयनगृह होत असे. त्या जगण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सामाईक शौचालयापुढील रांग, पावसाळ्यातील ओल आणि सुनांना कधीच न मिळालेला एकांत ज्यांनी सोसला त्यांना त्या चाळीची किंमत ठाऊक आहे. ऑगस्ट 2025मध्ये वरळीच्या चाळकऱ्यांच्या पहिल्या तुकडीला पुनर्विकासातील 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा कित्येकांचे डोळे भरून आले असतील ते उगाच नव्हे. मात्र जागा तिप्पट झाली म्हणून घर तिप्पट मोकळे होत नाही. रिकामी भिंत दिसली की कपाट येते आणि कपाट आले की ते भरते. चाळीने शिकवलेली एक गोष्ट मोठ्या घरातही विसरू नये: ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही, ती वस्तू घरात पाहुणीच राहते आणि सर्वांच्या पायांत येते.

पसाऱ्याचा मनाशी संबंध आहे, ही निव्वळ आजीबाईंची समजूत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे साठ नोकरदार पती-पत्नींचा अभ्यास झाला आणि तो 2010मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आपापल्या घरातून फिरून घराचे वर्णन करण्यास सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे वारंवार आली, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दिवस सरत जाईल तसे जेवढे उतरावयास हवे तेवढे उतरत नव्हते. पुरुषांत हा संबंध तसा ठळक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, आणि पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा हे त्यावरून ठरत नाही. पण त्यातील स्त्री-पुरुषांचा फरक आपल्या घरांतही कुणाला नवा वाटणार नाही. सोफ्यावर पडलेला टॉवेल घरातील चौघे पाहतात. तो उचलण्याचे काम आपले आहे असे चौघांपैकी एकीलाच वाटते. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांची पुस्तके लावून ठेवीत, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या गुरुजींचे चरित्र वाचणाऱ्या घरातील मुलगा ताट उचलत नसेल, तर आवराआवरीची सुरुवात माळ्यापासून नव्हे, तिथून करावयास हवी.

आता सर्वांत अवघड भाग. घर आवरायला काढले की पहिली कुऱ्हाड कुणाच्या वस्तूंवर पडते? बहुधा घरातील वृद्धांच्या. पुण्याच्या उपनगरात किंवा डोंबिवलीत दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात. तेथे आजोबांची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली असते. तिच्यात निवृत्तीच्या वेळची कागदपत्रे, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक, बंद पडलेले चावीचे घड्याळ, पत्नीच्या हातची चार पत्रे. सुनेला त्या जागी नातवाची शाळेची पुस्तके ठेवायची असतात आणि तिची गरज खोटी नसते. मग आजोबा गावाला गेलेले पाहून दिवाळी अंक रद्दीत जातात. परत आल्यावर ते काही बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून ते त्या घरात बिचकून वावरू लागतात, आणि त्यांच्या जेवणाखाण्यावर, झोपेवर त्याचा परिणाम दिसू लागला की मंडळी डॉक्टरांकडे धावतात.

यावर मार्ग आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. एखाद्या रविवारी दुपारी आजोबांसमवेत बसून ट्रंक उघडावी. नातवाला जवळ बसवावे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची हकिगत त्यांना सांगू द्यावी. काय ठेवायचे आणि काय द्यायचे हा निर्णय त्यांचाच असावा. अनुभव असा की सांगून झालेली वस्तू सोडणे माणसाला सोपे जाते. अंकांपैकी पाच राहतील, पंचवीस एखाद्या वाचनालयाला जातील. ट्रंक मात्र राहू द्यावी. ज्या घरात आपल्या नावाची दीड फूट जागाही नाही, त्या घराला माणूस आपले कसे म्हणेल? हाच नियम मुलांनाही लागू आहे आणि गृहिणीलाही. ओट्यापलीकडे तिची म्हणून एक खुर्ची, एक खण असतो का, हे प्रत्येकाने आज घरी जाऊन पाहावे.

बाहेर काढलेल्या वस्तूंचे काय करावे? पूर्वी बोहारीण दारात येई. जुन्या कपड्यांवर पातेले मिळे आणि घासाघीस करण्यात दुपार आनंदात जाई. जुन्या लुगड्यांची गोधडी होई. आजही सुती साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका गावोगावी आहेत. त्यांना काम द्यावे. दुकानातील रजईपेक्षा ती स्वस्त पडते आणि धुताही येते. कपडे वनवासी पाड्यावर किंवा आपत्तीच्या वेळी पाठवायचे असतील तर ते धुऊन, गुंड्या लावून, घडी करून द्यावेत. फाटके, डाग पडलेले कपडे पोत्यात कोंबून पाठवणे याला दान म्हणत नाहीत. तो आपला केर दुसऱ्याच्या अंगणात लोटणे झाले.

पावसाळ्यानंतर आणखी एक शत्रू घरात दडलेला असतो, तो म्हणजे ओल. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. उपाय स्वस्त आहेत. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेले कपाट चार बोटे पुढे ओढावे म्हणजे मागे वारा खेळतो. स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे रचलेले डबे हलवावेत. कोंडलेली वाफ बाहेर जाण्याचा तोच रस्ता असतो. गाद्या, उशा आणि गोधड्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस घालाव्यात. कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सवय असते, पण तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत त्या कदापि ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि त्या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ही आजीची युक्तीच तेथे बरी.

दिव्यांविषयी थोडे. नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो, तेव्हा प्रश्न विजेचा राहिलेला नाही, प्रश्न रंगाचा आहे. झोपण्याच्या खोलीत रात्री पांढराशुभ्र, निळसर उजेड झोपेला मारक ठरतो. तेथे पिवळसर दिवा लावावा. खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन असा आकडा असतो. न्हाणीघराच्या वाटेवर एक मिणमिणता दिवा रात्रभर असू द्यावा आणि तेथील सुटे पायपुसणे उचलून टाकावे. पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की वृद्ध माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहीलच असे नाही.

खिडकीतून काय दिसते यालाही महत्त्व आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास 1984मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. प्रत्येकाच्या खिडकीबाहेर झाड कोठून येणार? पण जाळीत ठासलेल्या रिकाम्या बाटल्या आणि मोडकी सायकल काढून तेथे तुळशीच्या आणि कोरफडीच्या दोन कुंड्या ठेवता येतात.

आणि शेवटी रंग. जुन्या घरांच्या, गावाकडच्या वाड्यांच्या भिंतींना चुन्यासारखा स्वस्त आणि गुणी रंग नाही. एका खोलीला काही शे रुपयांत हे काम घरच्या घरी होते. चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीला तो मानवत नाही, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. मात्र तेलरंग किंवा डिस्टेंपर दिलेल्या भिंतीवर तो धरत नाही; ते थर आधी खरवडून काढावे लागतात. गळणारा नळ किंवा गच्चीची भेग असेल तर आधी ती बुजवावी. ओल आतून येत राहिली तर कोणताच रंग टिकत नाही.

कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा. पाण्यात चुना थोडा थोडा सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो खदखदून उकळतो आणि उडतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे, प्लॅस्टिकची बादली घेऊ नये आणि डोळ्यांना चष्मा असावा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात थोडा सरस आणि चिमूटभर नीळ घालावी. सरसाने रंग कपड्यांना लागत नाही, निळीने पिवळेपणा जातो. भिंत पाण्याने ओली करून पहिला हात आडवा आणि दुसरा उभा द्यावा. वरच्या कोपऱ्यांसाठी स्टुलावर आजोबांनी चढू नये. ते काम नातवाचे. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, भिंत पूर्वीसारखीच मळकट वाटते आणि नवखा माणूस घाईने लगेच जाड हात मारतो. मग पापुद्रे सुटतात. भिंत वाळू द्यावी, ती आपोआप पांढरी होत जाते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.