टाकलेलीने वाचलेल्या दोन कादंबऱ्या
(साताऱ्यातील मेळाव्यात केलेले मनोगत)

मैत्रिणींनो, मी समीक्षक नाही. मी वाळवा तालुक्यातली, नवऱ्याने टाकलेली बाई. हाती येईल ते वाचते.

विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधली अचलाही टाकलेलीच. तिला प्रेम हवं, मूल हवं, हे बाईंनी १९३४ साली लिहिलं! वाचताना मी दार लावून घेतलं. पण अचला शिकलेली. माझं भांडण अजून स्वतंत्र रेशनकार्डासाठी चाललंय.

दुसरी ‘फकिरा’, १९५९ची. अण्णाभाऊ साठे आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा मलाही आवडला. पण राणोजी मारला गेल्यावर मी त्याच्यामागे राहिलेल्या राधेकडेच बघत राहिले. तिची कादंबरी कुठंय? ती आपल्यापैकीच कुणीतरी लिहायला हवी.