ट्रुमनच्या आईची जमीन

(शेतकरी मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



हॅरी ट्रुमन हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते हिरोशिमा-नागासाकीमुळे. १९४५ साली अणुबॉम्ब टाकला गेला तेव्हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तोच होता. त्या बॉम्बची वकिली करायला मी इथे उभा नाही. पण हा माणूस त्याआधी ११ वर्षं नांगर धरणारा शेतकरी होता. आणि तो सिनेटर असताना, म्हणजे तिकडचा मोठा खासदार असताना, त्याच्या ८७ वर्षांच्या आईची जमीन जप्तीत गेली. मला त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे. बोलताना मी त्याला अरेतुरे करणार. राष्ट्राध्यक्षाला करायची माझी हिंमत नाही, पण शेतकरी शेतकऱ्याला करतोच.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात मिसुरी नावाचं राज्य आहे. तिथे ग्रँडव्ह्यू गावाजवळ त्याच्या आजोळची ६०० एकर जमीन. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका, ६०० एकरांनी काय दिवे लावले ते पुढे कळेलच. हॅरीचा बाप धान्याच्या वायद्यात खेळला आणि १९०१-०२ च्या सुमारास सगळं घालवून बसला. बायकोच्या नावची १६० एकर जमीनही त्यात गेली. पोरगा मॅट्रिक झालेला, हुशार, पण कॉलेजला पैसे कुठले? तो शहरातल्या बँकेत कारकून झाला. १९०६ साली बापाने निरोप धाडला, शेतावर ये. आणि हा पगाराची नोकरी सोडून गेला. आपल्या गावात एखाद्या पोराने असं केलं तर आई अंगारा लावायला नेईल.

त्याची शेती ऐदी नव्हती. दोन फाळांचा, चाकांवर चालणारा नांगर, त्याला चार घोडे किंवा खेचरं जुंपायची आणि पहाटे धरला तर दिवसाला पाचेक एकर उरकायचे. मका, गहू, ओट, गुरांसाठी क्लोव्हरचा चारा, शिवाय डुकरं आणि गाई. पिकांची फेरपालट करायचा. बँकेतला माणूस, त्यामुळे हिशेबाची वही चोख. आपल्याला शहाणे लोक जे जे करायला सांगतात ते सगळं या माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं.

मग कर्ज आलं कुठून? १९०९ साली आजी वारली. तिने जमीन हॅरीच्या आईच्या आणि एका मामाच्या नावे केली होती. बाकीची भावंडं कोर्टात गेली. भाऊबंदकी काही फक्त आपल्याकडेच पिकत नाही. वकिलांची बिलं आणि तडजोडीचे पैसे भागवायला जमीन गहाण पडली. १९१४ मध्ये बाप वारला, आणि सगळा गाडा हॅरीच्या गळ्यात आला.

या काळात त्याला लग्न करायचं होतं. इंडिपेंडन्स गावची बेस वॉलेस, रविवारच्या धर्मशाळेत लहानपणी पाहिलेली. तिचा आजोबा पिठाच्या गिरणीचा मालक, आणि हा चिखलातला शेतकरी. १९११ साली त्याने पत्रातून मागणी घातली, ती नाही म्हणाली. याने पत्रं लिहायचं काही सोडलं नाही. आगगाडी नाहीतर ट्राम धरून भेटायला जायचा. लग्न झालं १९१९ साली, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. आपल्या गावागावांत तिशी ओलांडलेली, शेती करतो म्हणून मुलगी न मिळालेली पोरं बसली आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावं. सासूला जावई शेवटपर्यंत पसंत पडला नाही म्हणतात, आणि तरी ती सासू राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात जावयाकडेच राहिली! बेसला त्याने आयुष्यभर लिहिलेली १,३०० च्या वर पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. एकुलती एक मुलगी मार्गारेट. तिच्या गाण्यावर १९५० मध्ये एका पेपरवाल्याने वाईट लिहिलं, तेव्हा या बापाने राष्ट्राध्यक्षपदावर असताना स्वतःच्या हाताने पत्र लिहून त्याला नाक फोडायची धमकी दिली.

लग्नाच्या आधी लढाई झाली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. शेतकरी म्हणून त्याला सूट मिळाली असती. नजर इतकी अधू की आधी राज्याच्या पलटणीत भरती होताना त्याने डोळे तपासायचा तक्ता पाठ करून म्हटला होता. तरी तो गेला. फ्रान्समध्ये तोफखान्याच्या दीडदोनशे माणसांच्या तुकडीचा कॅप्टन झाला आणि ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळपर्यंत लढला. हे पुस्तकांत भरपूर आहे. पुस्तकांत एका ओळीत उरकतात ते मी सांगतो. तो तिकडे असताना ६०० एकर कोणी चालवली? बहिणीने. मेरी जेन तिचं नाव. गडी मिळेनात, माणसं सैन्यात गेलेली, आणि म्हाताऱ्या आईसह ती मागे राहिली. तिने लग्न केलं नाही. मेडल भावाला मिळालं.

परत आल्यावर त्याने जनावरं-अवजारं विकली आणि कॅन्सस सिटीत एका सैन्यातल्या दोस्ताबरोबर शर्ट, टाय आणि टोप्यांचं दुकान काढलं. पहिलं वर्ष झकास गेलं. मग युद्धाची मागणी संपली, आणि दोन डॉलरच्या वर असलेला गहू १९२१ पर्यंत एक डॉलरच्या आसपास आला. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नाही, तर शहरात टोपी घेणार कोण? १९२२ साली दुकान बंद झालं. लक्षात घ्या, दुकान कापडाचं, पण बुडालं धान्याच्या भावाने. भागीदाराने १९२५ मध्ये दिवाळखोरी पत्करली. ट्रुमनने नाही पत्करली. दहा वर्षांहून जास्त काळ तो ते देणं ओढत राहिला. लोक या सचोटीचे गोडवे गातात. मला विचाराल तर भागीदारही तेवढाच सच्चा होता. दोघांनाही एकाच भावाने मारलं.

आमच्या घरचं सांगतो. मी दहावीत असताना विहिरीच्या कर्जाची जप्तीची नोटीस आली. आईला दिसू नये म्हणून वडिलांनी ती ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली. सापडली आईलाच, कारण कणगीत रोज हात घालणारी तीच. आठ दिवस दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत. विहिरीला पाणी लागलं नव्हतं, हे देणाऱ्याच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ट्रुमन १९३४ साली सिनेटर झाला. आईच्या जमिनीवरचं गहाण फिटलं नव्हतं, कारण भाव पडलेले, आणि वर १९३४ आणि १९३६ चे दुष्काळ. १९३८ साली जिल्ह्याच्या शाळा-निधीतून ३५,००० डॉलरचं नवं कर्ज काढून जुनं भागवलं. ते देताना मेहेरबानी झाली, असं विरोधक म्हणत. झालीही असेल. १९४० साली जिल्ह्याचा कारभार विरोधकांच्या हाती होता आणि ट्रुमनची निवडणूक तोंडावर होती. हप्ते थकले होते. जमीन जप्त झाली. आई आणि मेरी जेन गावातल्या एका लहान घरात राहायला गेल्या. त्या नवख्या घरात म्हातारीची पायरी चुकली आणि तिचा खुबा मोडला.

पोरगा सिनेटर, आणि तरी.

१९४८ ची निवडणूक तो हरणार असं सगळे पेपर लिहीत होते. त्या साली मक्याचं विक्रमी पीक आलं होतं. सरकारी आधारभाव मिळवायला धान्य गोदामात ठेवावं लागे, आणि नव्या कायद्याने सरकारी महामंडळाला नवी गोदामं घेता येत नव्हती. माल दारात, भाव खाली. सप्टेंबरमध्ये आयोवात नांगरणीच्या स्पर्धेला जमलेल्या ऐंशी-नव्वद हजार लोकांपुढे त्याने हे शेतकऱ्याच्या भाषेत मांडलं. तो आयोवा जिंकला, निवडणूकही जिंकला. जून १९५१ मध्ये भारताला २० लाख टन धान्य घ्यायला कर्ज देण्याच्या कायद्यावर सही त्याचीच. पुढे तिकडचं धान्य आपल्याकडे येतच राहिलं. तो २६ डिसेंबर १९७२ ला वारला, तेव्हा इथे आपण दुष्काळी कामावर खडी फोडत होतो आणि रेशनवरची लाल मिलो खात होतो. त्या धान्याने आपल्या ज्वारीच्या भावाचं काय केलं, तो हिशेब पुढच्या मेळाव्यात मांडू.

आता पुन्हा आईकडे येतो. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जमिनीचा काही भाग परत घेतला गेला. पुढे पन्नाशीच्या दशकात त्यातला बराचसा बाजारपेठ बांधायला विकला गेला. घर आणि भोवतीची पाचेक एकर तेवढी सरकारने जपून ठेवली आहे, लोक बघायला जातात. म्हातारी २६ जुलै १९४७ ला गेली, ९४ व्या वर्षी, गावातल्या त्या लहान घरात. शेतावर ती परत राहायला गेली नाही.