सीटी एका पडद्यावर, स्लाइड दुसऱ्यावर

विदर्भातून, बाहेरूनही आलेल्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

नागपूरच्या रामदासपेठेत मनापासून स्वागत. गाडी लावायला जागा शोधता शोधता ज्यांचं दीपप्रज्वलन हुकलं, त्यांचं जरा जास्तच. एवढे दवाखाने, लॅब आणि स्कॅन सेंटर इथे दाटीवाटीनं आहेत. पण रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांची गाठ पडते ती बहुधा रिपोर्टच्या कागदावरच. ती समोरासमोर पडावी म्हणून ही परिषद भरवली.

कोविडमधला २०२१चा एप्रिल आठवा. घराघरांत एकच प्रश्न: ‘सीटी स्कोअर किती?’ पंचविसापैकी अठरा ऐकलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण. किती भाग व्यापलाय ते त्यातून कळायचं. आत काय भरलंय ते नाही. पाणी, पू, रक्त, सीटीवर सगळंच पांढरं. शवविच्छेदनांत वायुकोशांना आतून चिकटलेले हायलिन पडदे आणि बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या दिसल्या, तेव्हा कुठे ऑक्सिजन एवढा का घसरतो याचा उलगडा होऊ लागला.

मग म्युकर हा बुरशीचा आजार. बहुतेकांचं नाक आणि डोळे, पण काहींची फुप्फुसंही त्यानं धरली. सीटीवर ‘रिव्हर्स हेलो’: भोवती दाट कडं, मध्ये धूसर. तोच भाग स्लाइडवर पाहा. बुरशीचे रुंद तंतू रक्तवाहिनीची भिंत फोडून आत घुसलेले, मधलं फुप्फुस रक्ताविना मेलेलं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला रेडिओलॉजिस्ट पुढच्या वेळी रिपोर्ट टाइप व्हायची वाट पाहत नाही, थेट फोन उचलतो.

आपल्याकडचा सिकलसेल तर दोघांचीही परीक्षा घेतो. ताप, छातीत दुखणं, एक्स-रेवर नवी सावली. न्यूमोनिया म्हणावा, तर इन्फार्क्ट निघू शकतो. नाहीतर हाडांच्या मज्जेतून सुटलेली चरबी रक्तवाहिन्यांत अडकलेली असते.

पॅथॉलॉजिस्टांनीही फार ताठू नये. मी त्यांच्यातलाच, म्हणून बोलतो. सुईतून येतो शेवईएवढा तुकडा, शेजारचा आजार त्यात नसेलही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सुई घालणं जोखमीचं, आणि शवविच्छेदनाची परवानगी मागायला आपणच कचरतो. निदान मृत्यूनंतर, नातेवाइकांच्या संमतीनं, सुईनं नमुना तरी घेता येतो. दुपारी यावर खुली चर्चा आहे. मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांच्या निवासी डॉक्टरांनी सरांकडे न बघता बोलावं.

सभागृहात दोन पडदे आहेत: डावीकडे सीटी, उजवीकडे स्लाइड. एकच बाजू घेऊन आलेल्या वक्त्याला मंचावर घ्यायचं नाही, असं समितीनं ठरवलंय. पहिली केस सिकलसेलची. तर्री-पोहे तोवर आटोपून घ्या.