पितळी पुंगळी आणि न दिसणारा ताण
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात : गोळी, दारू, प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिल्या तिघांचे कार्य संपते. पुंगळी मात्र शिल्लक राहते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील नेमबाज ही पुंगळी जपून ठेवतात, पुन्हा मापात आणतात आणि नव्याने भरतात. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा अपराध आहे. त्यामुळे येथे हा घरगुती छंद होऊ शकत नाही, होऊही नये. परंतु पुंगळी मापात आणताना जे दोष उद्भवतात, त्यांमागचे धातुशास्त्र प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. या शास्त्रातील एक महत्त्वाचा धडा तर भारताच्याच पावसाळ्याने जगाला शिकविला.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे 70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त. बार होताना आतील दाब प्रति चौरस इंच 40 हजार पौंडांच्याही वर जातो. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, म्हणजेच नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, पण मूळ मापावर परत येत नाही. म्हणून तिला वंगण लावून पोलादी डायमध्ये दाबावे लागते. येथेही पितळ आपला स्वभाव सोडत नाही. डायमधून बाहेर येताच ते थोडे उसळते. हे उसळणे गृहीत धरूनच डाय इच्छित मापापेक्षा किंचित लहान ठेवलेला असतो.

आता दोषांचा क्रमाने विचार करू.

पहिला दोष म्हणजे पुंगळी डायमध्ये अडकणे. वंगण कमी पडले की पितळ पोलादाला धरून बसते आणि जोर लावल्यास बुडाचा काठच उपटून येतो. दुसरा दोष नेमका उलट आहे. वंगण जास्त झाले तर ते खांद्यापाशी कोंडले जाते आणि तेथे खोलगट पोचे पडतात. तेल दाबले जात नाही, पितळ दबते. दोन्ही दोषांवर उपाय एकच : वंगणाचा पातळ, सारखा थर आणि डायची वेळोवेळी स्वच्छता.

तिसरा दोष सर्वांत घातक. डाय गरजेपेक्षा खाली बसविला तर पुंगळीचा खांदा फार मागे ढकलला जातो. पुढच्या बारात तोच खांदा चेंबर भरण्यासाठी पुन्हा पुढे धावतो आणि बुडाच्या जरा वरची भिंत ताणली जाऊन पातळ होते. पुंगळी प्रत्येक वेळी मापात येते, दिसायला निर्दोष असते. आतून मात्र झिजत जाते. एके दिवशी बूड आणि धड वेगळे होतात. जुन्या .303 रायफलीच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. तिची पुंगळी काठावर टेकते आणि युद्धभूमीवरील धूळ-चिखलातही काडतूस सहज आत जावे म्हणून चेंबर सढळ मापाचे ठेवलेले असते. बुडाजवळ उजळ वर्तुळाकार रेषा दिसली, किंवा टोक वाकविलेली बारीक तार आतून फिरविताना खाचेत अडखळली, तर ती पुंगळी तत्काळ मोडीत काढावी. चार पैशांच्या पितळासाठी डोळा गमावण्यात शहाणपण नाही.

चौथा दोष म्हणजे मान चिरणे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला याचे कारण सांगावे लागणार नाही. ठोक्यागणिक धातू कठीण होत जातो, म्हणून तांबट भांडे मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करतो. पुंगळीही प्रत्येक बाराने फुगते, प्रत्येक डायने आवळली जाते आणि कठीण बनते. कठीण पितळ अधिक उसळते. म्हणून डाय तोच असूनही माप बदलू लागते. नवखा माणूस डायला दोष देतो, पण दोष थकलेल्या पितळाचा असतो. उपाय म्हणजे मान आणि खांदा तापवून मऊ करणे, म्हणजेच अनुशीतन. मात्र बूड तापता कामा नये, कारण दाबाचा खरा भार तेच पेलते. म्हणून जुने जाणकार पुंगळ्यांची बुडे पाण्यात ठेवून फक्त माना तापवीत.

आता भारताच्या पावसाळ्याकडे वळू. ब्रिटिश राजवटीत सैन्याच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि काडतुसे कोरडे हवामान येईपर्यंत घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. पावसाळा सरल्यावर पाहावे तो अनेक पुंगळ्या तडकलेल्या! त्यांतून एकही बार उडालेला नव्हता, कोणी त्यांना डायमध्ये दाबले नव्हते. ऋतूशी संबंध दिसल्याने या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. त्याचा उलगडा 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत तांब्यावर क्रिया करीत होता. पण अमोनिया हे अर्धेच कारण होते. पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडविताना तिच्यात जो ताण कोंडून राहिला होता, त्याने उरलेले अर्धे काम केले. ताण आतून ओढत होता, अमोनिया बाहेरून पोखरत होता. उपायही दुहेरी ठरला : सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअसला तापवून पितळातील ताण घालविणे आणि साठा अमोनियापासून दूर ठेवणे. आजही जाणकार नेमबाज अमोनियायुक्त पॉलिशने पुंगळ्या घासत नाहीत, त्याचे कारण हेच.

महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना 1964 पासून कार्यरत आहे. 2021 च्या पुनर्रचनेनंतर हे दोन्ही, पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत समाविष्ट झाले. सीमेवरील जवान काडतूस चेंबरमध्ये घालतो तेव्हा ते तपासून पाहण्यास त्याला अवधी नसतो. शेकडो मैल दूर कोणा अनाम कामगाराने भट्टीचे तापमान पाहिले असेल, मापाची चकती लावली असेल, शंका येताच पुंगळी बाजूला टाकली असेल, या विश्वासावरच तो चाप ओढतो.

म्हणून दोष शोधण्याची शिस्त ध्यानी घ्यावी. आधी मोजावे, मग डायला हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जोर लावून प्रश्न सोडवू नये. पुंगळी जोराने मापात येते, पण आत ताण ठेवून जाते. पागेतील त्या पुंगळ्या बाहेरून झगझगीत होत्या आणि मापातही अचूक होत्या. त्या तडकल्या त्या न दिसणाऱ्या ताणामुळे. जे दिसत नाही त्याचीही तपासणी करणारे हात जेथे असतात, तेथेच शस्त्र विश्वासार्ह ठरते.