पायांवरील काळेपणा

मदत मागावयास येणाऱ्या मजुरांचे पाय आपण पाहिलेच असतील. उन्हात उघडी राहणारी त्वचा दोन्ही पावलांवर सारखीच काळवंडून खरखरीत होते व महिनोगणती तशीच राहते. लोक त्यास महारोग समजून दूर सरतात. मी वकील, वैद्य नव्हे; परंतु पुराव्यावाचून शिक्षा मला रुचत नाही. महारोगाच्या चट्ट्यास बहुधा स्पर्श कळत नाही. शिवाय तोही आज औषधाने बरा होतो. शिरांत रक्त तुंबूनही घोट्याभोवती काळेपणा येतो. निवाडा डॉक्टरांनी करावा. पण एकाच धान्यावर जगणाऱ्याविषयी प्रथम संशय घ्यावा तो पेलाग्राचा. उपाय न झाल्यास त्यात हगवण लागते, बुद्धिभ्रंश होतो व प्राणही जातो.

अमेरिकेत डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अनाथालयांत दूध, अंडी, मांस व कडधान्ये देऊन सिद्ध केले, की हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट अन्नाचा आहे. तेथे मका, आपल्या दख्खनेत ज्वारी. हैदराबादेस डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांत तो दाखविला. नायसिन हे त्याचे औषध. ते शेंगदाण्यांत विपुल असते.

तरी ज्वारीची पोती अवश्य द्यावी, मात्र सोबत डाळ व शेंगदाणेही धाडावे. आणि पाय काळवंडलेल्यास पंगतीतून उठवू नये.