बोलण्याच्या सगळ्या वाटा बंद होतात तेव्हा



२००९ पासून चीनच्या राजवटीखाली दीडशेहून अधिक तिबेटींनी आत्मदहन केलं. त्यात भिक्खू होते, गुरं राखणारे होते, लहान लेकरांचे आईबाप होते. इस्लाममध्ये आत्महत्या हराम आहे, आणि दलाई लामांनीही या मार्गाला कधी प्रोत्साहन दिलेलं नाही. पण ‘हराम’ म्हणून आपण विषय बंद करू शकत नाही. माणूस तिथवर का पोचतो, हे विचारावंच लागतं.

सिच्वान प्रांतातल्या न्गाबाकडे बघा. मार्च २००८ मध्ये तिथे निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. मठांमध्ये ‘देशभक्ती शिक्षण’ सुरू झालं, म्हणजे भिक्खूंना आपल्याच धर्मगुरूंचा धिक्कार करायला लावणं. पुढच्या वर्षी तिथल्याच किर्ती मठाच्या एका भिक्खूने स्वतःला पेटवून घेतलं. २०११ मध्ये, गोळीबाराला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, आणखी एका तरुण भिक्खूने तेच केलं.

सरकारने काय केलं? मठाला वेढा घातला आणि सुमारे ३०० भिक्खूंना उचलून नेलं. २०१२ च्या अखेरीस फर्मान निघालं, की आत्मदहनाला मदत करणाऱ्यावर, चिथावणाऱ्यावर खुनाचा गुन्हा लावा. ज्या घरात मय्यत, त्याच घराची झडती. ज्या जुलमातून हताशा आली, तोच जुलूम इलाज म्हणून वाढवला.

कुणी म्हणेल, सनदशीर मार्गाने जावं. ताशी वांगचुक हा युशूचा दुकानदार तसाच गेला. शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवा, एवढीच त्याची मागणी होती, तीही चीनच्याच कायद्याचा आधार घेऊन. २०१८ मध्ये त्याला ‘फुटीरतेला चिथावणी’ म्हणून पाच वर्षांची शिक्षा झाली.

आपण उइगर मुसलमानांसाठी दुआ करतो. मग हेही माहीत असू द्या, की २०११ ते २०१६ तिबेटमध्ये पक्षाचे प्रमुख असलेले चेन छ्वानग्वो तिथूनच शिनजियांगला गेले. तिबेटमधली चौकाचौकातल्या पोलीस चौक्यांची पद्धत त्यांनी तिथेही राबवली. तिबेटवरच्या जुलमाकडे जगाने डोळेझाक केली, तेव्हा पुढची पाळी उइगरांची आली. म्हणून आपला इन्साफ फक्त आपल्या कौमपुरता असून चालणार नाही.

तिबेट लांब वाटत असेल, तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. तिथे जा, बसा, ऐका. आपल्या कार्यक्रमात उइगरांचं नाव घ्याल तेव्हा तिबेटींचंही घ्या.

आणि इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या मनात जीव देण्याचा विचार येत असेल, तर आजच कुणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीअपरात्रीही लागतो. तुम्ही आम्हाला जिवंत हवे आहात.