चहापेक्षा स्वस्त वायसर

उचगावात हायवेच्या कडेला माझं गॅरेज. एकदा सकाळी एक जुनी टाटा 407 आली. गूळ भरलेला, करूळ घाटातून कणकवलीला जायचं होतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचे होज पाइप चिरले होते. काम किरकोळ. नवे होज आणले, पण सोबत तांब्याचे वायसर नव्हते. पुस्तकात त्याला वॉशर म्हणतात, आमच्याकडे वायसरच. परत दुकानात कोण जाणार? जुनेच पुसले आणि बसवले.

दुपारी गगनबावड्याहून ड्रायव्हरचा फोन आला, "मिस्त्री, पेडल हळूहळू खाली बसतंय." घाट लागायच्या आधीच त्यानं गाडी बाजूला घेतली होती. मी स्कूटरवरून पोचलो, तर डावं चाक आतून ओलं. चूक सरळसरळ माझी होती.

आता हे का होतं ते सांगतो. तांबं मऊ असतं, म्हणूनच ते तिथं घालतात. बोल्ट आवळला की वायसर चेपतो आणि दोन्ही लोखंडी तोंडांवरच्या बारीक ओरखड्यांत भरतो. पण एकदा चेपलं की तांबं कडक होतं. जुना वायसर नव्या होजच्या तोंडावर नीट बसत नाही. जोरात ब्रेक दाबला की आतला दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट होतो. तेवढ्या दाबाला केसाएवढी फट पुरते.

मग पोरं पाना आणखी ओढतात. तो बोल्ट आतून पोकळ असतो मंडळी, तो तुटतो.

जुना वायसर लालबुंद तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो, हे खरं आहे. पाण्यात बुडवला तरी चालतं, तांबं पोलादासारखं कडक होत नाही. अडल्या वेळी आम्हीही केलंय. पण वर काळी पापडी धरते, ती घासावी लागते, आणि चेपून पातळ झालेला पातळच राहतो. ब्रेकला मी आता नवाच घालतो. चहाच्या कपापेक्षा स्वस्त वस्तू ती!

घेताना जुना नमुना खिशात ठेवा. भोक बोल्टवर ढिलं नको, जाडी तीच हवी. कंपनीनं ॲल्युमिनियमचा दिला असेल तर ॲल्युमिनियमचाच. आतून रबराची कड असलेला वायसर दिसायला छान, पण इंजिन ऑइलला चालणारं साधं काळं रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. कागदी वायसर तर नकोच.

पोकळ बोल्टाला वायसर दोन लागतात, होजच्या तोंडाच्या एक खाली आणि एक वर. मात्र लोखंडी नळी होजला जिथं मिळते, तिथं नळीचं पसरट तोंडच बसतं. त्या जोडाला वायसर लागत नाही. घातलात तर उलट गळती लागेल.

त्या दिवशी गगनबावड्यात रस्त्याकडेला नवे वायसर घातले, हवा काढली, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हरला मिनिटभर पेडल दाबून धरायला लावलं. जोडाला कोरडा कागद लावून पाहिला. कोरडाच निघाला. तरी गाडी सोडायचा धीर होईना. पहिल्या दोन वळणांपर्यंत मी केबिनमध्ये त्याच्याशेजारी बसून गेलो आणि चालत वर आलो.